बँकेने कोर्टात कर्जाचा दावा जिंकला, आता माझा सगळा पगार जप्त होईल का?

सगळा नाही. हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा औपचारिक आदेश) झाल्यावर बँक वसुलीसाठी दरखास्त (त्या आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करते. त्यासाठी तिला 12 वर्षांची मुदत असते. पगाराला मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चं संरक्षण आहे. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात न लावता सोडावे लागतात. म्हणजे पगार 31,000 धरला तर जास्तीत जास्त 10,000 कापले जातील. तेही एका हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिनेच. (हा 1,000 चा आकडा आजच्या महागाईत हास्यास्पद आहे, पण कायद्यात तोच आहे.) पीएफला धक्का लागत नाही. फ्लॅट किंवा मुदत ठेव असेल तर जप्ती तिथे येऊ शकते. दरखास्तीची नोटीस आली की कोर्टात हजर राहा आणि हप्ते बांधून मागा.