टू-स्ट्रोक आउटबोर्डचे प्लग सारखे काळे होतात, एक नंबर गरम प्लग लावू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होडीच्या मागे लावलेलं १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मशीन, म्हणजे आउटबोर्ड आहे, कर्लीच्या खाडीत पर्यटक फिरवता, थोडे दिवस गेले की मशीन मिसिंग मारायला लागतं आणि प्लग काढला की काळाकुट्ट निघतो. कोणीतरी सांगितलंय की गरम प्लग, म्हणजे ज्याचं टोक जास्त तापतं असा प्लग, लाव, प्रश्न मिटेल.

लावू नका, निदान आत्ता तरी नाही. खाडीत बरं वाटेल, पण ज्या दिवशी होडी भरून संगमाबाहेर, उघड्या समुद्रात फुल रेसवर जाल त्या दिवशी तोच प्लग इतका तापू शकतो की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. मग पिस्टनला भोक. त्यात प्लगच्या आकड्यांचा वेगळाच घोळ असतो. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं. दुकानदार 'हा पण चालतो' म्हणत दुसऱ्या कंपनीचा प्लग हातात ठेवतो, तेव्हा आकडा बघून घेत जा. मॅन्युअलमध्ये दिलाय तोच प्लग लावायचा.

खरं कारण बहुधा तुमच्या धंद्यातच आहे. पर्यटकांना घेऊन दिवसभर स्लोवर फिरायचं, डॉल्फिन दिसला की थांबायचं, परत स्लो. प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. स्लोवर ते तिथवर पोचतच नाही. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, स्लोवर ते क्रँककेसमध्ये साचत राहतं आणि रेस दिली की एकदम वर येतं. म्हणून फेरीच्या अधेमधे, मोकळं पाणी बघून, दोन-तीन मिनिटं चांगली रेस द्या. हळूहळू वाढवायची, एकदम मूठ पिरगाळायची नाही. जेट्टीला लागायच्या आधीही एकदा द्या.

आता ऑइल. माझ्याकडे येणाऱ्या मशिनांत निम्मा गोंधळ इथे असतो. अंदाजाने ओततात, वर 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून आणखी एक धार. तुमच्या मशीनला ५०:१ (पेट्रोल ५० भाग, ऑइल १ भाग) सांगितलं असेल तर एका लिटरला २० मिली, २५ लिटरच्या कॅनला अर्धा लिटर. मापाचं भांडं ठेवा. नव्या इंजिनाला रनिंग-इनच्या, म्हणजे रुळायच्या काळात २५:१ सांगितलेलं असतं आणि पुष्कळ जण ते पुढे वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवतात. प्लग काळे नाही होणार तर काय! ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं हवं. स्कूटरचं टू-टी स्वस्त पडतं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. जळल्यावर त्याची राख उरते आणि तीच प्लगच्या फटीत बसते.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, आहे का बघा. वाळू-मीठ अडकून तो बसला की लोक तो काढूनच टाकतात, 'मशीन थंड राहतं, बरं आहे' म्हणतात. बरं नाही ते. खाडीचं गार पाणी सतत फिरत राहिलं तर सिलिंडर कधी नीट तापतच नाही, ऑइल अर्धवट जळतं. नवा बसवा आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश करा.

हे सगळं करण्याआधी एकदा प्लग नीट बघा, पण त्याची पद्धत आहे. स्लोवर जेट्टीला येऊन काढलात तर फक्त शेवटच्या पाच मिनिटांचा हिशेब दिसेल. मोकळ्या पाण्यात नेहमीच्या रेसवर थोडा वेळ पळवा, मग वेग कमी न करता किल स्विचनेच बंद करा आणि तिथेच प्लग काढा. होडीत दुसरा माणूस आणि नांगर हवाच. प्लगच्या टोकाभोवतीचं पोर्सिलीन फिकट बदामी दिसलं तर उत्तम. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चोक पूर्ण उघडत नसेल, नाहीतर कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई गळत असेल. ओलं, चिकट काळं म्हणजे ऑइल. पांढरं फटक किंवा फोड आलेलं दिसलं तर उलटाच प्रश्न आहे, इंजिन गरम चालतंय. मशीन घरी आणा.

दोन्ही प्लग सारखेच काळे असतील तर आतापर्यंत सांगितलेल्यातलंच काहीतरी. एकच काळा होत असेल तर प्लगांची अदलाबदल करा. काळेपणा प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. त्याच सिलिंडरवर राहिला तर कॉइल, वायर, कॅप बघा. तुमच्यासारख्या मशीनला बहुतेक वेळा दोन सिलिंडरना मिळून एकच कार्बोरेटर असतो, त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. ठिणगी तपासताना प्लग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून धरा. वायर मोकळी ठेवून दोरी ओढली तर सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, जायची भीती. पेट्रोलचा वास येत असेल तर तो प्रयोगच नको.

काळा प्लग सँडब्लास्ट करून आणू नका. वाळूचा एक कण आत राहिला तर सिलिंडरवर चरे पडतात. प्लगची किंमत ती काय! नवा घ्या, फिलर गेजने गॅप बघा (एनजीकेच्या नंबरात शेवटी १० असेल तर १.० मिलिमीटर), हाताने फिरेल तितका बसवा आणि मग पान्याने अर्धा फेरा. जास्त जोर लावून अ‍ॅल्युमिनियमचे आटे घालवू नका.

शेजारचे मच्छीमार रॉकेलवर चालवतात म्हणून तुम्ही पेट्रोलच्या मशीनमध्ये रॉकेल मिसळत असाल तर आजच बंद करा. त्यांची मशिनं रॉकेलसाठीच बनवलेली असतात, आणि तीसुद्धा पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर रॉकेलवर घेतात. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. ते विसरलं की कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरतं, आणि सकाळी थंड मशीनला दोरी ओढून हात दुखले तरी ओला प्लग काही पेटत नाही.

पावसाळ्यात होडी वर ओढाल तेव्हा टाकीत पेट्रोल ठेवू नका. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतं आणि दोन महिन्यांत तळाला वेगळा थर बसू शकतो. सिलिंडरमध्ये गंज लागू नये म्हणून ऑइल मारून ठेवलं असेल तर हंगामाच्या सुरुवातीला धूर येणार, प्लगही काळे होणार. त्या पहिल्या फेरीला जुनेच प्लग वापरा, नवे नंतर लावा. आणि एवढं करूनही एकच सिलिंडर सतत काळा राहिला तर दोन्हीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. आकड्यांत मोठा फरक निघाला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, मग प्लगवर आणखी पैसे घालू नका.