नवे दात उगवेपर्यंत थांबू का?

"मॅडम, नवे दात उगवायचं औषध येतंय म्हणे. मग आता कवळी कशाला?" अलीकडे हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय, की एकदाचं लिहूनच टाकते. खरं तर तो दंतवैद्याला विचारायचा. पण ही मंडळी तिकडे फिरकतच नाहीत. घरी बसून राहतात, आणि मग घरचे त्यांना माझ्याकडे, समुपदेशनाला, घेऊन येतात.

माशेलकडचे एक काका (ओळख बदललीय). साठी ओलांडलेले, भजनी मंडळात पुढे बसून गाणारे. स्कूटर घसरली आणि वरचे पुढचे चार दात गेले. 'तुका म्हणे' म्हणताना जीभ टेकवायला दातच नाहीत, म्हणून मंडळ सोडलं. वर्ष होत आलं होतं. बोलताना तोंडावर रुमाल, आणि मोबाइलमध्ये बातम्यांचा साठा: नॅनोफायबर, स्टेम सेल, जपान.

त्या बातम्या मी खोडून काढल्या नाहीत, कारण संशोधन खरंच चाललंय. नॅनोफायबर म्हणजे केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतू. त्यांची जाळी विणतात. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाची वीण तशीच असते, त्यामुळे स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, या जाळीवर रुजतात आणि हाड धरू लागतं. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर याचे चांगले परिणाम दिसलेत. अख्खा दात मात्र फार गुंतागुंतीचा. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, घडवणाऱ्या पेशी तर दात बाहेर येतानाच संपतात. जपानची बातमी वेगळ्याच औषधाची, एका अँटिबॉडीची, म्हणजे प्रतिपिंडाची. क्योटोला २०२४मध्ये तिची माणसांवरची चाचणी सुरू झाली, तीही पहिल्या टप्प्याची. म्हणजे मुख्यतः औषध सुरक्षित आहे का, एवढंच बघणारी. आणि इकडे दात गेलेल्या जागी जबड्याचं हाड झिजत राहतं. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यावर येऊ शकते.

काकांना यातलं बरंच ठाऊक होतं. नुसत्या माहितीने माणूस हलत नाही. त्याने मनाशी कसला हट्ट धरलाय, ते मी शोधते.

"समजा औषध आलं, पण तुम्हाला चालणार नाही म्हणाले, तर?"

"तर कवळी लावीन."

"म्हणजे कवळी चालते तुम्हाला?"

"चालते हो. पण आज लावली तर..." रुमाल खाली आला. "तर ते दात गेले ते गेलेच, असं होईल."

मी गप्प राहिले. अशा वेळी घाईने धीर देणाऱ्यांचा मला राग येतो. वर्षभर ते विज्ञानाची वाट बघत नव्हतेच. अपघात झालाय हे कबूल करणं तेवढं पुढे ढकलत होते. त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं, आणि ते रडले. पुढच्या भेटीआधी ते बांबोळीच्या डेंटल कॉलेजात जाऊन आले होते. आता काढता-घालता येणारे दात लावतात आणि मंडळात जातात. सुरुवातीला 'त' अडखळायचा, म्हणून घरी मोठ्याने हरिपाठ वाचायचे.

वाट बघणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं: आजचा इलाज आज करा, उद्या औषध आलं तर त्याचा विचार तेव्हा. मात्र स्टेम सेलने दात उगवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून उठा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात.

नातवाचे दुधाचे दात डबीत जपून ठेवू का, असं काकांनी शेवटी विचारलं. आठवण म्हणून ठेवा, म्हटलं. डबीतल्या दातात पेशी जिवंत राहत नाहीत, आणि त्याच तत्त्वांनुसार परवानगी आहे ती नाळेतल्या रक्ताच्या बँकेला, दातांच्या नाही.