जुना फ्रिज काढू की ठेवू?

प्रश्न : आमचा फ्रिज १८ वर्षांचा आहे, अजून छान चालतो. मुलगा म्हणतो, मोठा फाइव्ह स्टार घेऊ, बिल आणि प्रदूषण दोन्ही कमी होईल. जुना मागच्या खोलीत राहू दे. मला चालू वस्तू काढवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, ‘छान चालतो’ म्हणजे थंड करतो, एवढंच. वीज किती खातो ते कुठे दिसतं? मी जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केले, पण घरचा मोजला तो निवृत्तीनंतर. प्लगला लावायचा वीजमापक आणून २४ तास ठेवला, आकडा आला २.१ युनिट. म्हणजे वर्षाला साडेसातशेच्या वर! दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावलं, तर पट्टी अलगद बाहेर. रबर बदललं तेव्हा १.८ वर आला, पुढे हलेना. मग नवा घेतला. त्याच्या लेबलवर वर्षाचे २२० युनिट आहेत. तुम्हीही आधी मोजा, रबर तपासा.

घ्यायचाच झाला, तर नुसते स्टार मोजू नका. स्टार त्याच प्रकारच्या, त्याच आकाराच्या फ्रिजशी तुलना करून मिळतात. मोठा फाइव्ह स्टार लहान थ्री स्टारपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा वाचा. वीज कोळशाची असेल, तर युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मुलालाही सांगा.

आणि वर बघा, पंख्याकडे. जुना ७५ वॉटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर वर्षाला दोनशेच्या जवळपास युनिट वाचतात. मिक्सर ५०० वॉटचा असला तरी चालतो ५ मिनिटं. त्याच्यात जीव अडकवू नका.

जुना मागच्या खोलीत मात्र नको. दोन फ्रिज चालले, तर बचत कसली? तो भंगारात देण्याआधी, आतला थंड करणारा गॅस काढून घेणार का, ते विचारा. त्या काळातल्या फ्रिजांत बहुधा आर-१३४ए नावाचा गॅस असायचा; हवेत सुटला तर, किलोला किलो धरून, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त पृथ्वी तापवणारा. आम्ही पूर्वी सरळ नळी कापायचो. फुस्स् आवाज यायचा, आणि आम्ही पुढच्या कामाला लागायचो.