मातीवरची शर्यत: वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

पावसाळा सरला की नाशिक, पुणे, कोल्हापूर पट्ट्यात मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींचे फलक लागतात आणि आमच्याकडे पत्रांचा गठ्ठा वाढतो. त्यातली पाच पत्रं या अंकात घेतली आहेत.

प्रश्न: माझी २०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आहे. गेल्या हंगामात नोव्हिस (नवख्यांच्या) गटात चार शर्यतींना उतरलो. पहिल्या दोन बऱ्या गेल्या, मग पिकअप गेलं आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू झाला. मिस्त्री म्हणतो बोअर-पिस्टन संपलं. गाडी दहा हजार किलोमीटरही चाललेली नाही. आता उघडतोच आहे तर मोठा पिस्टन टाकून ताकद वाढवून घेऊ का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर: मोठ्या पिस्टनचं नंतर. दहा हजाराच्या आत बोअर गेलं म्हणजे इंजिनाने धूळ खाल्ली, आणि ती जिथून आत गेली ती वाट अजून उघडी आहे. ती बंद केली नाही तर नवा पिस्टनही दोन-तीन शर्यतींतच जाईल.

फिल्टर आणि कार्ब्युरेटर (इंजेक्शनची गाडी असेल तर थ्रॉटल बॉडी) यांच्यामधला रबरी पाइप काढा. पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून पाइपच्या आतून फिरवा. फडकं तांबूस निघालं तर धूळ फिल्टर ओलांडून येते आहे. बहुतेक वेळा ती फिल्टरमधून येत नाही, त्याच्या कडेने येते: काठ नीट बसलेला नसतो, पाइपची क्लॅम्प ढिली असते, नाहीतर एअरबॉक्सच्या तळाची ड्रेन नळी उघडी राहिलेली असते.

कंपनीचा कागदी फिल्टर रस्त्यासाठी ठीक, मैदानासाठी नाही. फोमचा लावा. धुताना पेट्रोल वापरू नका, त्याने फोमचे चिकटवलेले जोड सुटतात. रॉकेलमध्ये दाबून धुवा, मग साबणाच्या पाण्यात. दोन्ही तळव्यांत धरून दाबायचा. पिळलात की फाटला. सावलीत पूर्ण वाळवा. नंतर प्लास्टिकच्या पिशवीत फोम आणि फिल्टर ऑइल घालून सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत मळा, आणि जास्तीचं तेल दाबून काढा. काठाला ग्रीसची बारीक रेघ ओढा. वरून जुना नायलॉनचा लांब मोजा चढवा आणि प्रत्येक हीटनंतर (शर्यतीच्या टप्प्यानंतर) फक्त तो बदला. मोज्यावर साचलेला धुळीचा थर एकदा बघितलात की हा उद्योग कशासाठी ते कळेल. शर्यतीच्या दिवशी तेल लावलेले तीन फिल्टर वेगवेगळ्या पिशव्यांत तयार ठेवा. सकाळी टँकरने पाणी मारलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त असतात. खरी धूळ दुपारच्या हीटमध्ये उठते.

आता पिस्टन. ६६.५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५७.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) असलेल्या इंजिनात अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला की १९९.७ चे २०२.७ सीसी होतात. तुमच्या गटाची मर्यादा २०० असेल आणि नियमात ओव्हरसाइजची सूट नसेल, तर कोणी आक्षेप घेतल्यावर इंजिन उघडलं जाईल आणि निकाल जाईल. आयोजकांचं नियमपत्रक मागवून घ्या. एवढं करून मिळणारा फायदा दीड टक्क्याचा. त्या पैशांत मागचं टायर नवं येतं, आणि नोव्हिस गटात नवं टायर पोर्टिंगपेक्षा (इंजिनातल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या करण्यापेक्षा) जास्त जागा मिळवून देतं हे आमचं ठाम मत आहे.

प्रश्न: यामाहा आरएक्स १०० मैदानासाठी तयार केली आहे. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) मिसळतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत, लांब सरळ पट्टा संपता संपता इंजिन जाम होतं. थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं. तेल वाढवू का?
— एक वाचक, बारामती

उत्तर: किती मिसळता ते लिहिलेलं नाही. लिटरला ३० मिली, म्हणजे साधारण १:३३, या वापराला योग्य आहे. तेवढं घालत असाल तर आणखी वाढवू नका. तेल वाढलं की त्याच मापाच्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं आणि इंजिन आणखी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं. तुमचं दुखणं लीनचंच दिसतं.

आधी हवेची गळती शोधा. इंजिन आयडलिंगवर ठेवून कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या रबराच्या जोडावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. (सायलेन्सर थंड असताना, आणि उघड्यावर.) आरपीएम बदलले तर रबर तडकलं आहे. तिथे काही नसेल तर क्रँकचे ऑइल सील बघा. मॅग्नेटोकडचं सील गेलं की थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम पटकन खाली येत नाहीत, इंजिन लटकल्यासारखं वर राहतं. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं: पांढरा धूर दिसतो आणि ऑइलची पातळी उतरते. या गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तेव्हा सील मूळचेच असतील तर विचार न करता दोन्ही बदला.

गळती नसेल तर मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं छिद्र. फिल्टर मोकळा केला आणि सायलेन्सर बदलला, पण जेट कंपनीचाच ठेवला, असं बऱ्याच गाड्यांत आढळतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याच जेटवर ते आणखी लीन चालतं. जेट दोन मापं मोठा घाला. सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल असताना क्लच दाबून तिथेच किल स्विच मारा आणि प्लग काढून बघा. पांढरट असेल तर लीन, कॉफीसारखा तपकिरी असेल तर बरोबर, काळा आणि ओला असेल तर जेट एक माप उतरवा. सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करायची. जास्त पेट्रोलने गाडी फक्त भकभकते, कमी पेट्रोलने पिस्टन वितळतो.

सरळ पट्टा संपताना जाम होण्याला आणखी एक कारण आहे. इंजिन पूर्ण वेगात फिरत असताना थ्रॉटल एकदम बंद केला की पेट्रोल थांबतं, आणि तेल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे तेही थांबतं. वळणाआधी क्लच दाबून थ्रॉटलला एक हलका झटका द्यायची सवय लावा. मिसळलेलं पेट्रोल महिनाभर कॅनमध्ये ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रश्न: आमच्याकडचा ट्रॅक छोटा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओरडते, तिसऱ्यात जोर धरत नाही. पुढचं स्प्रॉकेट बदलावं की मागचं?
— एक वाचक, कागल

उत्तर: समजा पुढे १३ आणि मागे ४० दाते आहेत, गुणोत्तर ३.०८. पुढे १२ केले तर ३.३३. तेच पुढचे १३ ठेवून मागे ४३ केले तर ३.३१. म्हणजे पुढचा एक दात मागच्या तीन दातांइतका. तिसरा गिअर जोर धरायला इतकं पुष्कळ आहे. आधी पुढचं बदला, अर्ध्या तासाचं काम आहे. मानवलं तर हंगामासाठी मागचं मोठं घ्या, कारण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त तीव्र वळते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टी खाते. मोठ्या मागच्या स्प्रॉकेटला चेन दोन कड्या लांब लागू शकते.

चेनचा ढिलेपणा गाडी स्टँडवर घेऊन मोजाल तर फसाल. पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात ताणलेली असते. मागे दोघांना बसवा, नाहीतर पट्ट्याने सस्पेंशन खेचून त्या रेषेत आणा. तिथे १० ते १५ मिमी ढिली राहिली पाहिजे. एरवी ती लोंबकळल्यासारखी दिसते, दिसू द्या. घट्ट चेन उडीनंतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील घेऊन जाते.

प्रश्न: मागच्या ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून फाटतो. दोन शर्यतींत दोन ट्यूब गेल्या. हवा १२ ठेवतो.
— एक वाचक, अकोला

उत्तर: रिम लॉक (टायर रिमवर घट्ट धरून ठेवणारा तुकडा) नाही, बरोबर? १२ पीएसआयवर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्ह तुटतो. रिम लॉक बसवा आणि वॉल्व्हचं नट रिमशी आवळू नका, वर टोपीपाशी नेऊन ठेवा. वॉल्व्ह तिरका दिसला की हवा सोडून टायर सरळ करून घ्यायचा. रिम लॉक बसेपर्यंत १८ च्या खाली जाऊ नका. तुमच्याकडच्या काळ्या मातीत, ती ओली असेल तर, हवा कमी करूनही उपयोग नाही. माती टायरच्या गुठळ्यांमध्ये (रबरी उंचवट्यांमध्ये) भरली की टायर गुळगुळीतच होतो. तिथे गुठळ्या विरळ असलेलं टायर लागतं. कडक मुरमावर उलट, जवळजवळच्या गुठळ्या.

प्रश्न: नमस्कार दादा. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शर्यतीत उतरायचं म्हणतो. त्याच्याकडे लायसन्स नाही. चालतं का? आणि काही झालं तर गाडीचा विमा मिळेल का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर: ताई, बंद मैदानावर आरटीओचं लायसन्स लागत नाही. एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाची, मान्यता असलेल्या स्पर्धेत त्यांचं स्पर्धक लायसन्स, वैद्यकीय दाखला आणि अठराखालच्या मुलासाठी पालकांची लेखी संमती लागते. कोणत्या वयाला कोणता गट, ते त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात असतं. मान्यता नसलेल्या ‘गावच्या’ शर्यतीला पाठवण्याआधी मैदानात अँब्युलन्स उभी आहे का आणि प्रेक्षकांपुढे कठडा आहे का, हे स्वतः जाऊन बघा. नसेल तर परत या.

सरावाला गाडी टेम्पोतूनच न्या. मैदान घरापासून दोन किलोमीटरवर असलं तरी त्याला रस्त्यावर चालवू देऊ नका. अल्पवयीनाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालकांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

विम्याचं उत्तर नाही असंच. गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा परिच्छेद असतो. त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. मुलाच्या अपघात विम्यातही हेच कलम असण्याची शक्यता मोठी, तेव्हा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

खरेदीचा क्रम असा ठेवा: हेल्मेट, गुडघ्याच्या वर येणारे नी गार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट, छाती-पाठीचं चिलखत, मानेचा पट्टा, गॉगल, हातमोजे. गाडीचा खर्च त्यानंतर. हेल्मेट त्याला घालायला लावून पट्टा आवळा आणि मागच्या काठाला धरून पुढे ओढा. निघून हातात आलं तर माप मोठं आहे. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून एक माप मोठं घ्यायची आपली पद्धत शाळेच्या गणवेशाला ठीक. हेल्मेटवर मागच्या बाजूला त्याचा रक्तगट पक्क्या शाईने लिहा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हंगामाआधी देऊन ठेवा.