काका समितीचे, मी नाही, आता बोलायचं कसं?

प्रश्न: बेळगावजवळच्या खानापूरहून लिहितोय. आमचे काका पक्के समितीवाले, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे, मी गेल्या वेळी राष्ट्रीय पक्षाला मत दिलं, तेव्हापासून विषय निघाला की ताटावरून उठतात. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी समिती पाळते तो काळा दिवस, जवळ आला की मला धडकीच भरते. काय करू?

उत्तर: अहो, मुद्दे मांडून काका हलणार नाहीत, हा मराठी भाग तिकडच्या राज्यात गेला तेव्हापासूनचं, १९५६ पासूनचं दुखणं आहे ते, २००४ पासून सीमावादाची केस सुप्रीम कोर्टात आहे. आधी स्वतःला काय होतंय ते सांगा, "काका, तुम्ही उठून गेलात की वाईट वाटतं, मला गद्दार समजाल अशी भीती वाटते", एवढंच. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना ब्रेन स्कॅनमध्ये दिसलं की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीबिती वाटते तेव्हा जागा होणारा भाग, जरा शांत होतो. (प्रयोग राजकारणावरचा नव्हता हं.) पण "तुम्ही चिडलाय" असं त्यांना तोंडावर म्हणू नका, भडकाच उडेल. त्यांनाच विचारा, नेमकं काय लागतं मनाला? राग असेल, नाहीतर उतारा, नोटीस सगळं कन्नडमध्ये हातात पडल्यावर वाटणारी लाचारी असेल. मत बदलेल असं धरून चालू नका. आणि जेवताना नको, शेताकडे जाताना काढा विषय.