दिसण्याचा त्रास होतोय, पण थेरपिस्ट शोधायचा कसा?

प्रश्न : नमस्कार ताई, मी २६ वर्षांची, मूळची सांगलीकडची, सध्या पुण्यात आयटीमधे आहे. कॉलेजला असताना पीसीओडी निघालं तेव्हापासून वजन वाढलंय, हनुवटीवर केस येतात, मान काळी पडलीये. रोज ऑफिसला निघायच्या आधी आरशासमोर एक-दीड तास जातो, हनुवटी चाचपत बसते, उशीर होतो आणि मग सरळ सुट्टी टाकते. मीटिंगला कॅमेरा बंदच. दिवसभर नीट जेवत नाही आणि रात्री रूममेट झोपली की जे मिळेल ते खात सुटते, थांबताच येत नाही. घरी स्थळं बघणं चालू आहे, आई म्हणते बायोडेटासाठी एक बरा फोटो तरी काढ, आणि गावी गेलं की प्रत्येक काकू-मावशीची सुरुवात ‘अगं किती सुटलीयेस’ अशीच. हिंमत करून एका काउन्सेलरकडे गेले तर त्यांनी पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या आधी दहा किलो कमी कर, कॉन्फिडन्स आपोआप येईल, वर डाएटिशियनचा नंबर दिला. परत गेलेच नाही. आता कोणाकडे जाऊ? मराठीत बोलणारं कोणी मिळेल का, आणि घरी कळेल का?

उत्तर : परत गेली नाहीस ते बरंच केलंस. दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री ताबा सुटेपर्यंत खायचं हे चक्र ज्याचं चालू आहे त्याच्या हातात अजून एक डाएट चार्ट दिला तर रात्रीचं खाणं बहुतेक वेळा वाढतंच, कारण उपास हेच त्या चक्राचं इंधन असतं. म्हणून या त्रासावरच्या थेरपीत सुरुवातीलाच काय करतात तर दिवसाचं खाणं वेळेवर आणतात, वजनाचं नंतर बघू म्हणतात. आणि पीसीओडीचं म्हणशील तर मान काळी पडणं, केस येणं हे इन्सुलिन आणि हार्मोन्सचं काम आहे, ते गायनॅक किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टनी बघायचं, त्याला उपचार आहेत, ते चालू ठेव. पीसीओएसवरच्या (पीसीओडीलाच डॉक्टर असं म्हणतात) २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमधे तर स्वच्छ लिहिलंय की अशा पेशंटमधे बॉडी इमेज आणि खाण्याच्या तक्रारींकडे डॉक्टरनी लक्ष ठेवावं. म्हणजे तुझ्या गायनॅकलाही हे सगळं सांगायला हरकत नाही, उलट सांगच.

आता कोणाकडे जायचं. तू लिहिलंयस त्यात मला दोन वेगळे धागे दिसतात. एक रात्रीचं खाणं, आणि दुसरा आरशासमोरचा तास-दीड तास. दिसण्यातल्या एका गोष्टीचा विचार रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ खातोय आणि त्यापायी काम बुडतंय, असं असेल तर बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातला किरकोळ किंवा नसलेला दोषही फार मोठा वाटत राहण्याचा आजार, आहे का हे तपासून घ्यावं लागतं. हा ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याच्या, कुळातला आजार मानतात. तुला तो आहेच असं मी इथे बसून म्हणत नाहीये, पण म्हणूनच पहिली भेट क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिॲट्रिस्टची घे, नुसत्या कॉन्फिडन्स वाढवणाऱ्या कोर्सवाल्यांची नको (इन्स्टावर लाइफ कोच म्हणून जे आहेत त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, बोलले तर पान पुरणार नाही). सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर, या दोघांपैकी औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, त्यांचा नंबर मागायचा आणि कौन्सिलच्या साइटवर शोधायचा, त्यात काही उद्धटपणा नाही. काउन्सेलर्समधेही खूप चांगले लोक आहेत, फक्त तिथे शिक्षण काय, कोणाच्या सुपरव्हिजनखाली काम करता हे स्वतः विचारून घ्यावं लागतं.

आणि एक कर, अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी दहा मिनिटं फोनवर बोल. आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारायचा म्हणजे मॅडमना काय वाटेल असं होतं, पण ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत तो थेरपिस्ट तुझ्यासाठी नाहीच. विचार की बॉडी इमेज आणि खाण्याच्या तक्रारींवर तुम्ही आधी काम केलंय का, कुठल्या पद्धतीने करता, मी वजन कमी केलंच पाहिजे असं तुमचं मत आहे का. सीबीटी (विचार आणि सवयी दोन्ही बदलायला शिकवणारी थेरपी) हे नाव ऐकू आलं तर चांगली खूण, आणि आरशात बघण्याचं, चाचपण्याचं काय करणार असं विचारल्यावर ‘हळूहळू कमी करत नेऊ, हनुवटीवरचे केस न झाकता बाहेर पडायचा सराव करू’ अशा अर्थाचं काही म्हणाले तर त्यांना विषय कळतो असं समज. उत्तर ‘पॉझिटिव्ह विचार करायचा’ एवढंच आलं, किंवा लग्न झालं की सगळं सुरळीत होईल असं आलं, तर थँक्यू म्हणून फोन ठेव. सायकिॲट्रिस्टनी गोळ्या सुचवल्या तर घाबरू नकोस, या त्रासात एसएसआरआय गटातल्या (नैराश्य, चिंता यावरही वापरतात त्या) गोळ्या देतात, परिणाम दिसायला दहा-बारा आठवडेही लागतात, मधेच स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पैशाचं तू लिहिलं नाहीस पण ते मनात असणारच. पुण्यात खाजगी सेशन साधारण हजार ते अडीच हजारात जातं, बरेच जण कमी पगारवाल्यांना फी कमी करून देतात पण ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, गर्दी असते, वेळ काढून जावं लागतं, पण निदान नीट होतं. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मराठीतून हे काम करतेय. टिसची (मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल ही हेल्पलाइन आहे, फोनवर काउन्सेलिंग देतात. आणि १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, कोणाकडे जायचं हेही तिथे विचारता येतं. जगावंसंच वाटत नाही असे विचार कधी आले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच क्षणी हा नंबर लाव. खाल्ल्यावर उलटी काढत असशील किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असशील (तू लिहिलं नाहीस, म्हणून विचारतेय) तर थेरपिस्टच्या आधी फिजिशियन, कारण पोटॅशियम उतरून हृदयावर ताण येतो.

घरी कळेल का, तर तू सज्ञान आहेस, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका, कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद. ऑनलाइन सेशन असेल तर रूममेट नसतानाची वेळ ठरव, किंवा हेडफोन लावून गच्चीत जा.

पहिल्या सेशनला जाताना जे मला लिहिलंस तेच वाचून दाखव, नव्याने काही जुळवायची गरज नाही. तीन-चार सेशन झाल्यावर बघ, आरशाची वेळ, रात्रीचं खाणं, बंद कॅमेरा यातल्या कशाबद्दल तरी काही ठरलंय का, का नुसत्या गप्पाच चालल्यात. गप्पाच असतील तर तसं सांग, आणि तरी बदल नसेल तर थेरपिस्ट बदल. आईला एवढंच म्हण की फोटोचं सहा महिने थांबूया, कारण सांगायची घाई नाही.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, नाशिकला कॉलेजला. जिम एक दिवस चुकलं तर घर डोक्यावर घेतो, चुलतभावाच्या लग्नालाही आला नाही. दंड एवढे झालेत तरी ‘मी काडी दिसतो’ म्हणतो. परवा त्याच्या बॅगेत इंजेक्शनची बाटली सापडली. थेरपिस्टचं नाव काढलं की चिडतो.

उत्तर : वहिनी, मुलग्यांमधे हे असंच दिसतं, आणि घरच्यांना वाटतं व्यायामाचं वेड आहे, वाईट काय त्यात. स्वतःचं पिळदार अंगही किरकोळ वाटणं याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, वर लिहिलेल्या बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचाच तो एक प्रकार. ‘कुठे काडी, केवढा दिसतोस’ हे सांगणं आजपासून बंद करा, त्याचा उपयोग होत नाही, तो दर तासाला तेच विचारत राहील. थेरपिस्ट नको म्हणतोय तर आधी फिजिशियनकडे न्या, ‘रक्त तपासून घेऊ, एवढा व्यायाम करतोस’ म्हणून, त्याला तो तयार होईल. इंजेक्शन स्टेरॉइडचं निघालं तर लिव्हर, हृदय, स्वतःचे हार्मोन्स, मूड सगळ्यावर परिणाम होतो, आणि एकदम बंद केलं की नैराश्य येऊ शकतं, म्हणून बाटली फेकून देऊ नका, लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि सायकिॲट्रिस्टचं नाव त्यांच्याच तोंडून येऊ द्या.