जूनअखेर अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला भाड्याची आरव्ही (चाकांवरचं घर) नेतोय. कॅम्पग्राउंड आतलं घ्यावं की बाहेरचं, आणि तिथे नेमकं काय काय करावं लागतं?

तुमचा बेत असा धरून चालतो: सॉल्ट लेक सिटीहून ३० फुटी क्लास सी (ट्रक किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही) गाडी, चार रात्री, बरोबर पुण्याहून आलेले आईवडील आणि दोन मुलं, आणि याआधी कोणीच आरव्हीत राहिलेलं नाही. त्या हिशेबाने सांगतो.

आधी जागा. हुकअप म्हणजे तुमच्या जागेवरच वीज, नळ आणि सांडपाण्याचं भोक. तिन्ही असली की ‘फुल हुकअप’. यलोस्टोनच्या हद्दीत फुल हुकअप फक्त एकाच ठिकाणी मिळतं, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये. मॅडिसन, ब्रिज बे, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज इथेही आरव्ही लावता येते, पण जागेवर ना वीज, ना नळ. फिशिंग ब्रिजला तंबू किंवा कापडी भिंतींचा ट्रेलर चालत नाही, कारण तो ग्रिझली अस्वलांचा भाग आहे. तुमची गाडी टणक भिंतींची, त्यामुळे अडचण नाही. अडचण बुकिंगची: जून-जुलैच्या जागा कितीतरी महिने आधी जातात. मात्र लोक बेत बदलतात तशा त्या सुटतातही, म्हणून एकदा ‘फुल’ दिसलं म्हणून नाद सोडू नका, रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहा. आत कुठेही रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये गाडी लावून रात्र काढता येत नाही, हे धरूनच चाला.

बाहेरचा सोयीचा पर्याय म्हणजे पश्चिम फाटकाला चिकटलेलं वेस्ट यलोस्टोन गाव. खासगी आरव्ही पार्क, किराणा, लाँड्री, पेट्रोल सगळं तिथे आहे. फाटकापासून मॅडिसनचा तिठा १४ मैल, तिथून ओल्ड फेथफुल (गरम पाण्याचा प्रसिद्ध फवारा) १६. नकाशावर हे किरकोळ वाटतं, पण पार्कमध्ये कमाल वेग ताशी ४५ मैल आणि मध्ये बायसनांचा, म्हणजे अमेरिकी गव्यांचा, कळप रस्त्यावर आला की वेग शून्य.

माझं मत विचाराल तर दोन रात्री वेस्ट यलोस्टोन, दोन फिशिंग ब्रिज. पार्कमधला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, १४२ मैलांचा. वेस्ट यलोस्टोनहून गरम झऱ्यांची बाजू (ओल्ड फेथफुल, ग्रँड प्रिझमॅटिक, नॉरिस) जवळ पडते. फिशिंग ब्रिजहून तलाव, हेडन व्हॅली आणि १६ मैलांवरचं कॅन्यन. चारही रात्री एकाच टोकाला काढल्या तर रोज तोच रस्ता दोनदा तुडवाल. सामान बांधायचा त्रास म्हणाल, तर आरव्हीत तो नसतोच, घरच हलतं.

आणि हीच खरी मेख आहे. घर हलतं, म्हणजे फिरायला जायचं तर रोज सकाळी घरच सोडवून न्यायचं. यलोस्टोनमध्ये युटातल्या झायन पार्कसारखी शटल बस नाही. ग्रँड प्रिझमॅटिकच्या लाकडी पायवाटेपाशी, म्हणजे मिडवे गायझर बेसिनला, पार्किंग लहान आहे. दहा वाजल्यानंतर ३० फुटी गाडीला तिथे जागा मिळणं कठीण. एकतर आठच्या आत पोचा, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर जा. ओल्ड फेथफुलला लांब गाड्यांसाठी वेगळ्या जागा आहेत, तिथे निभावतं. पैशाची फार ओढाताण नसेल तर वेस्ट यलोस्टोनच्या दोन दिवसांसाठी एक साधी कार भाड्याने घ्या आणि आरव्ही जागेवरच राहू द्या. वडीलधारी मंडळी बरोबर असताना हा खर्च वसूल होतो.

जागा बुक करताना गाडीची पूर्ण लांबी लिहा, मागच्या शिडीसकट. ‘पुल-थ्रू’ मिळाली तर तीच घ्या. एका बाजूने आत शिरायचं, दुसऱ्या बाजूने निघायचं, रिव्हर्सची भानगड नाही. ‘बॅक-इन’ असेल तर एकाने खाली उतरून ड्रायव्हरला आरशात दिसेल असं मागे उभं राहायचं. तुम्हाला आरसा दिसत नाही, म्हणजे त्यालाही तुम्ही दिसत नाही. नळ, वायर, सांडपाणी या सगळ्या जोडण्या गाडीच्या डाव्या अंगाला असतात, म्हणून विजेचा खांब ड्रायव्हरच्या, म्हणजे इथे डाव्या, बाजूला यायला हवा. या गाड्यांचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच मागे असतं. उजवीकडे जोरात वळवलंत की ते डावीकडे फेकलं जातं आणि नेमकं त्या खांबावर आपटतं.

जागेवर आलात की आधी गाडी समतल करा. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला तरी उतार कळतो, पण फोनमधलं लेव्हल सोपं. खाली असलेल्या बाजूच्या चाकांपुढे प्लास्टिकचे ठोकळे ठेवून गाडी त्यांवर चढवायची. हे झोपेसाठी तर आहेच, त्याहून जास्त फ्रिजसाठी आहे. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांमधला फ्रिज गॅसवरही चालतो, त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण नळ्यांतून आपल्या वजनाने खाली वाहतं. गाडी तिरकी राहिली की ते साचतं, गार होणं थांबतं आणि दुसऱ्या दिवशी दूध नासतं. असा फ्रिज गार व्हायलाही सहा ते बारा तास घेतो, म्हणून गाडी ताब्यात घेतली की लगेच चालू करा आणि सामान शक्यतो आधीच गार केलेलं भरा.

मग वीज. तुमच्या गाडीला बहुधा ३० अँपचा प्लग असेल. खांबावरचा ब्रेकर आधी बंद करायचा, प्लग पूर्ण आत दाबायचा, मग ब्रेकर चालू. ३० अँप १२० व्होल्टला म्हणजे ३६०० वॉट, आणि ते सगळ्या गाडीला मिळून. छपरावरचा एसी १२-१३ अँप खातो, मायक्रोवेव्ह तेवढेच, १५०० वॉटची किटली साडेबारा, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) आठ-नऊ. यातली दोन एका वेळी चालतात, तिसरं लावलंत की ब्रेकर पडतो. आईंनी पुण्याहून मिक्सर आणला असेल तर तो घरीच ठेवा. २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या वीजेवर नुसता घुरघुरतो.

पाण्याची नळी पिण्याच्या पाण्याची, बहुधा पांढरी किंवा निळी. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग नळी, मग गाडीचं ‘सिटी वॉटर’ लिहिलेलं तोंड. रेग्युलेटर दाब ४०-५० पीएसआयवर आणतो. तो न लावता नळ पूर्ण सोडलात तर सिंकखालचे प्लास्टिकचे सांधे सुटतात आणि कपाटात तळं होतं. फिशिंग ब्रिज ७७०० फुटांवर आहे. जूनअखेरही एखाद्या रात्री पारा शून्याजवळ जातो. तसा अंदाज असेल तर गाडीची ताज्या पाण्याची टाकी भरून घ्या, झोपताना नळी काढून रिकामी करा आणि रात्री गाडीतला पंप वापरा.

आता सांडपाणी. सगळे याला घाबरतात, आणि बिघडतं ते घाबरण्यामुळेच. गाडीखाली दोन टाक्या असतात: ब्लॅक म्हणजे संडासची, ग्रे म्हणजे सिंक आणि आंघोळीची. नळी जोडलेलीच आहे तर दोन्ही झडपा उघड्या ठेवून मोकळं होऊ, असं नवख्यांना वाटतं. ब्लॅकची झडप उघडी ठेवलीत तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते टाकीत राहतं. तीनचार दिवसांत त्याचा वाळलेला ढीग होतो आणि भाड्याची कंपनी साफसफाईचे पैसे लावते. म्हणून ब्लॅकची झडप बंदच. टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं जातं.

क्रम असा. हातमोजे घाला. झडपा बंद आहेत याची खात्री करूनच गाडीचं झाकण काढा, नाहीतर पायावर येईल. नळी आधी गाडीला फिरवून ‘खट’ होईपर्यंत बसवा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात आटे घालून पक्कं करा आणि त्यावर एक दगड ठेवा. आधी ब्लॅक ओढा. गडगड आवाज येतो, नळी थरथरते, मग आवाज बारीक होतो. मिनिटभर थांबा, बंद करा. मग ग्रे. साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते, म्हणूनच हा क्रम उलटा करायचा नाही. शेवटी संडासातून सात-आठ लिटर पाणी आणि टाकीचं औषध ब्लॅकमध्ये सोडा. कोरडी टाकी वापरायला सुरुवात करायची नाही.

एक गंमत: पाण्याने धुवायची आपली सवय या टाकीला कागदापेक्षा कितीतरी मानवते. तांब्या खुशाल ठेवा. फक्त सहा माणसांत टाकी दोनेक दिवसांत भरते, हे ध्यानात असू द्या. कागद आरव्हीचा, पटकन विरघळणारा. ओले वाइप्स अजिबात नाही, पाकिटावर ‘फ्लशेबल’ लिहिलं असलं तरी. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे थोड्या वापरानंतर खोटं बोलतात, त्यांच्यावर विसंबू नका. ग्रे भरल्याची खूण मात्र चुकत नाही: भांडी घासताना बाथरूमच्या तळाशी खरकटं पाणी वर यायला लागतं. त्यामुळे सिंकमध्ये भात, डाळ, तेल जाऊ देऊ नका. ताट कागदाने पुसायचं, मग धुवायचं.

गरम पाण्याची टाकी बहुधा सहा गॅलनची असते, म्हणजे २३ लिटर, एका मोठ्या बादलीइतकं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग पाणी. पुढच्या माणसासाठी अर्धा तास थांबा. त्यापेक्षा कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात जाणं बरं. दोन्हीकडे ती सोय आहे.

स्वयंपाक. फोडणी घातली की आरव्हीतला धुराचा अलार्म बोंबलतो, कारण छत डोक्यापासून हातभर वर. छपरावरचा पंखा चालू करा, समोरची खिडकी उघडा. शेगडीवरच्या हुडचा पंखा चालू असूनही धूर जात नसेल तर गाडीबाहेर जाऊन बघा: हुडच्या झडपेला बाहेरून एक खिट्टी असते आणि ती प्रवासात लावलेली राहते. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघू नका, कुकर न्या. आणि थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही. त्यासाठी गॅसचा फर्नेस आहे.

बाहेरच्या टेबलावर जेवायला हरकत नाही, पण उठताना काहीही मागे ठेवायचं नाही. नुसतं अन्नच नव्हे, तर कूलर, पातेली, रिकामे डबे, भांडी घासायचा टब, पाण्याच्या बाटल्यासुद्धा आत. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी बहुधा त्या अस्वलाचाच जीव जातो. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, गवा आणि एल्क या मोठ्या हरणापासून २५ यार्ड अंतर ठेवायचा नियम आहे. गवा तुमच्या दाराशी येऊन चरायला लागला तर? आत बसा, चहा करा.

मधली एखादी रात्र हुकअपविना काढावी लागली तर फर्नेसचा पंखा गाडीतल्या राहण्याच्या भागाच्या वेगळ्या बॅटरीवर चालतो हे लक्षात ठेवा. आधीच अर्धी असलेली बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही. जनरेटर संध्याकाळीच चालवून ती भरून घ्या, कारण रात्री तो लावायला बंदी असते. इंजिनची पेट्रोल टाकी पावच्या खाली गेली की जनरेटर बंद पडतो. तो बिघाड नव्हे. तुम्हाला निदान गावापर्यंत जाता यावं म्हणून ती सोय केलेली असते.

निघताना एकाने पूर्ण गाडीला प्रदक्षिणा घालायची: वायर, नळी, सांडपाण्याचं झाकण, पायरी, चांदवा (दाराबाहेर ताणायचं कापडी छत), छपराच्या झडपा, फ्रिजची खिट्टी. चांदवा तर फिरायला जातानाही गुंडाळा. दुपारी अचानक वारा सुटतो आणि कापड दांड्यांसकट छपरावर उलटतं. गाडीची उंची, साधारण १२ फूट, चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर कोणी आडवं व्हायचं नाही, आईंना कितीही मोह झाला तरी; सगळे पट्ट्याच्या सीटवर.

प्रवेशाचं एक नवीन आहे. २०२६ पासून वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५० डॉलर झाला आहे. यलोस्टोनसह ११ पार्कांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला, वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर, नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त पडतात. आईवडील व्हिजिटर व्हिसावर असतील तर हा हिशेब फाटकावर नको, घरीच करा. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून तुमचं इथलं लायसन्स हाताशी ठेवा.

शेवटच्या सकाळी दोन्ही टाक्या कॅम्पग्राउंडवरच रिकाम्या करा, सॉल्ट लेकजवळ डंप स्टेशन शोधत बसू नका. गाडी परत देताना प्रोपेन, पेट्रोल आणि जनरेटरच्या तासांचा काटा, तिन्हींचे फोटो काढून ठेवा. गाडी घेतानाही काढलेले असतील तर हिशेबाला वाद राहत नाही.